विश्रामबागची लॅब, आण्णांची शुगर आणि तासगावला गेलेला ओटीपी

गेल्या महिन्यात आण्णांना घेऊन सांगलीत विश्रामबागच्या एका लॅबमध्ये गेलतो, नाव लिहीत नाही. उपाशीपोटीची शुगर आणि एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) करायची होती. रक्त काढणारा पोरगा लै हुशार, आण्णांची शीर कुणाला पटकन सापडत नाही, मिरजेत एकदा तीनदा टोचलं होतं, इथं पहिल्याच फटक्यात काम. रिपोर्टही सांगितलेल्या टायमाला आला. कुणाकडं आला ते पुढं सांगतो.

घोळ सगळा काउंटरवर. पावती करताना मॅडमनी आधार मागितलं, दिलं. मग म्हणाल्या, "ओटीपी सांगा." कसला म्हणलं तर "आभाचा, कम्पल्सरी आहे." आभा म्हणजे आपले रिपोर्ट जोडायचं सरकारी डिजिटल हेल्थ अकाउंट. आता आण्णांच्या आधारला नंबर माझ्या चुलतभावाचा, कारण आधार काढलं तेव्हा घरात मोबाईल त्याच्याकडंच होता. त्याला तासगावला फोन लावला, तो गिऱ्हाईकात, कशाला काय न विचारता त्यानं आकडे सांगून टाकले आणि झाली आण्णांची संमती! आण्णा मागं बाकड्यावर कापूस दाबून बसलेले, त्यांना पत्ताच नाही.

आभा कम्पल्सरी नाही हो. 14 आकडी नंबर असतो, फुकट निघतो, काढायचा का नाही ही आपली मर्जी. माझा त्याला विरोधही नाही, उलट 2019 च्या पुरात आण्णांची सगळी जुनी फाईल भिजून लगदा झाली, त्यानंतर प्रत्येक डॉक्टरला तोंडी इतिहास सांगतोय, त्यामुळं मोबाईलात रिपोर्ट असले तर बरंच की. रिपोर्ट लॅबकडं किंवा दवाखान्याकडंच राहतात, आपण हो म्हणलं तर दुसऱ्या डॉक्टरला दिसतात, अशी त्याची रचना आहे. पण हो म्हणायचं कुणी? इथं तर दुकानात बसलेल्या पुतण्यानं म्हणलं.

तर रिपोर्ट. लॅबनं तोच नंबर पेशंटचा म्हणून टाकला आणि पीडीएफ व्हॉट्सॲपवर थेट तासगावला. रात्री आठला वहिनीचा आईला फोन, "भाऊजींना... आपलं, मामंजींना साखर निघाली म्हणं, भात बंद करा आता." आमच्या हातात कागद यायच्या आधी भावकीत चर्चा! त्यात धाकटीची बघाबघी चालू, आण्णा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर हॅकरनी बंद पाडले होते, आमच्याकडं हॅकरची पण गरज पडली नाही. लोकांची खाजगी माहिती जपायच्या 2023 च्या डेटा कायद्यात संमतीची नोटीस मराठीत मिळायची सोय आहे, 250 कोटींपर्यंत दंड लिहिलाय, आणि इथं साधा एक कागद समोर ठेवला नाही.

रक्त काढायला 5 स्टार, काउंटरला 1, तो पण पंखा चालू होता म्हणून.

परवा नंबर बदलायला परत गेलतो. मॅडमनी काही न बोलता बदलून दिला, तेवढं खरं. शेजारी एक आजी उभ्या होत्या, आपला ओटीपी थोरल्याच्या फोनवर गेला का धाकट्याच्या ते आठवत.