भरीत सेंटर, असोदा रस्ता: चौघांना एकाच परातीतून जेवता येतं

दूध, दही, तूप, पनीर यातलं काहीच न खाणाऱ्या माणसाला मित्रमंडळींबरोबर जळगावात बाहेर जेवायचं असेल, तर माझं पहिलं मत या भरीत सेंटरला. पाटीवर नाव वगैरे काही नाही, नुसतं 'भरीत सेंटर' लिहिलंय. अशा पाट्या हिवाळ्यात जळगावात जागोजागी दिसतात. मी म्हणते ते शहर संपता संपता, असोद्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, पत्र्याच्या शेडमध्ये आहे. पुढे मोकळं अंगण आणि अंगणाच्या कडेला कापसाच्या काड्यांचा मोठा ढीग. तो ढीग दिसला की गाडी लावायची.

आमच्या ग्रुपबद्दल आधी सांगते, कारण जागेची खरी परीक्षा तिथेच होते. नोकरीपायी जळगावात खोल्या घेऊन राहणारे आम्ही चौघं. मी चोपड्याची, दुभत्याचं सगळं सोडलेली. यावलची मैत्रीण, जिच्या घरी दोन म्हशी आहेत आणि ताकाशिवाय जिचं जेवण पूर्ण होत नाही. धुळ्याचा मित्र मटणाचा शौकीन. आणि भुसावळचा एक, रेल्वेतला, ज्याची ड्युटी कधी लागेल याचा नेम नाही. चौघांना एकत्र वेळ मिळतो तोच मुश्किलीने. तो मिळाल्यावर कुठे जायचं यावर अर्धा तास जाऊ नये एवढीच इच्छा असते.

मोठ्या हॉटेलांत माझी अडचण दरवेळी तीच. शहरातल्या एका एसी हॉटेलात आम्ही गेलो होतो. दूध-मलई नको म्हटल्यावर कळलं की त्यांची लाल ग्रेव्ही, पांढरी ग्रेव्ही सगळी सकाळीच तयार होते आणि दोन्हीत मलई असते. रोटीच्या कणकेत दही, डाळ फ्रायवर बटर. शेवटी माझ्यासमोर उकडलेल्या भाज्या आणि काकडी-टोमॅटो आला. बाकीचे तिघं एक हंडी मध्ये ठेवून वाटून खात होते. माझ्या ताटात कोणी हात घालत नव्हतं आणि मी त्यांच्या हंडीत घालू शकत नव्हते. पोट भरलं, पण आपण बरोबर जेवलो असं काही वाटलं नाही. माझ्यासाठी वेगळं काहीतरी करून मिळावं ही माझी मागणीच नाही. मला सगळ्यांचं तेच, सगळ्यांच्या भांड्यातलं, खायचं असतं.

आणि ते खानदेशात मुळात अवघड नाहीच. आपल्याकडची निम्मी चव शेंगतेल, लसूण, हिरवी मिरची, सुकं खोबरं आणि काळ्या मसाल्यावर उभी आहे. दुधातुपाचा हात बऱ्याचदा शेवटी, वरून पडतो. तेवढा थांबवला की झालं.

आता भरीत. वांगी इथली, पांढरट हिरवी, चांगली मोठी, बी कमी आणि गर भरपूर. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी मिळालं. असोदा आणि यावल तालुक्यातलं बामणोद ही गावं तर या वांग्यांसाठी सगळ्यांना ठाऊक आहेत. (असोदा बहिणाबाईंचं माहेर. त्या रस्त्यावरून जाताना मला दरवेळी ते आठवतं.)

इथे लवकर जा आणि भाजणं बघा. अंगणात जमिनीवर काड्या पसरतात, वांग्यांना टोचे मारून ती आडवी मांडतात, वरून परत काड्या टाकून पेटवतात. कापसाच्या काड्या भराभर पेट घेतात आणि तितक्याच भराभर संपतात, म्हणून एक जण सारख्या नव्या काड्या सारत असतो आणि दुसरा लांब काठीने वांगी उलटवत असतो. साल काळी ठिक्कर पडते, मध्येच एखादं वांगं फुस्स करून वाफ सोडतं. देठापाशी दाबून बघतात, तिथे मऊ लागलं की काढायचं. देठ शेवटपर्यंत कडक राहतो, म्हणून तिथेच बघायचं असतं. मग पाण्यात हात बुडवत बुडवत साल सोलतात. त्या काड्यांच्या धुराचा वास गरात उतरलेला असतो, गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो कधीच येत नाही.

पुढचं काम बडगीत. बडगी म्हणजे लाकडाचं खोलगट भांडं, आमच्याकडे अजून काही घरांत आहे. त्यात आधी भाजलेल्या मिरच्या, लसूण आणि मीठ ठेचतात, मग त्यावर गरम वांगी टाकून लाकडी मुसळीने चेचतात. मिक्सरमधून काढलेलं भरीत चिकट, गुळगुळीत होतं. बडगीतल्या भरिताला दोरे राहतात, घासाला काहीतरी लागतं दातांखाली. त्यावर शेंगतेलाची फोडणी, त्यात शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप लालसर तळलेले, आणि शेवटी पातीचा कांदा, कोथिंबीर भरपूर. तेलाचा हात सढळ आहे, कमी तेलाचं हवं असेल तर कच्चं भरीत मागा, त्याला फोडणी नसते आणि मिरचीचा वास जास्त कळतो. मला तेच जास्त आवडतं. धुळेकराला फोडणीचं. आम्ही अर्धं अर्धं घेतो.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा मालकांना, सगळे त्यांना नाना म्हणतात, सरळ विचारलं.

"नाना, फोडणीत तूप आहे का?"

"तूप कशाला ताई? तुपात भरीत मरतं. त्याला तेलच पाहिजे."

"आणि पुऱ्यांच्या कणकेत दूध?"

"पाणी न् मीठ. मोहन तेलाचं."

मी हे का विचारते आहे असं त्यांनी विचारलं नाही, चेहऱ्यावर आठी आणली नाही. शेजारी मावशी भाकरी थापत होत्या, त्या एवढंच म्हणाल्या, "मग हिच्या भाकरीला लोणी नको लावू रे." हे त्यांनी न विचारता सांगितलं म्हणून मी इथे लिहिते आहे, कारण मला लोण्याचं माहीतच नव्हतं. कळण्याच्या भाकरीवर इथे लोण्याचा गोळा देतात, आणि पोरं गर्दीत विसरतात. एकदा माझ्या भाकरीवरही आला. यावलच्या मैत्रिणीने ती भाकरी उचलून स्वतःच्या ताटात घेतली, मला दुसरी आली, विषय संपला.

कळण्याच्या भाकरीसाठी दोन वाक्यं जास्त लिहिते. ज्वारी आणि सालीसकट उडीद मीठ घालून एकत्र दळतात ते कळणं. भाकरी काळसर, खरपूस, थोडी खारट. ज्वारीत लायसिन हा प्रथिनांतला एक घटक कमी असतो, उडदात भरपूर, म्हणजे दोन्ही मिळून प्रथिनांची भरपाई होते. आजीपणजींनी चवीसाठी केलं असेल, पण दूध सोडलेल्यांना फार उपयोगी आहे. बी-१२ मात्र यातून मिळत नाही, कुठल्याच वनस्पतीतून भरवशाचं मिळत नाही. त्याची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यायचीच. माझ्या आईची काळजी त्या गोळीने आणि रक्ताच्या रिपोर्टाने मिटली, माझ्या समजावण्याने मिटली नव्हती.

सगळं एका मोठ्या परातीत येतं. मध्ये भरीत, कडेने पुऱ्या आणि भाकरीचे चतकोर, बाजूला मुळा, पातीचा कांदा, ठेचा, लिंबू. चार हात एकाच परातीत. धुळ्याच्या मित्राला मटण आठवत नाही असं मी म्हणणार नाही, पण परातीतला शेवटचा घास कोणाचा यावर त्याचंच भांडण सगळ्यात मोठं असतं. भुसावळवाला रात्रपाळी करून थेट आला तरी इथे झोपाळलेला दिसत नाही. आणि कोणी मला "मग तू नेमकं खाते तरी काय?" असं विचारत नाही, कारण जे समोर आहे तेच मी खात असते. माझ्यासाठी या जागेची सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे.

फुणके इथे फक्त रविवारी मिळतात. भिजवलेली तूरडाळ मिरची-लसणाबरोबर जाडसर वाटून, मुटके करून वाफवतात. ते कढीबरोबर खायचे, आणि कढी म्हणजे ताक. मी आधी नुसतं कच्चं तेल घालून खायचे, तेही छान लागतं. मग यावलच्या मैत्रिणीनेच, म्हशीवाल्या घरातल्या मुलीने, माझ्यासाठी शेंगदाण्याचं दही लावून बघितलं. शेंगदाणे रात्रभर भिजवून सालं काढायची, पाण्यात वाटून गाळायचं, ते दूध उकळून कोमट करायचं आणि विरजण म्हणून हिरव्या मिरचीची देठं टाकून उबेत ठेवायचं. पहिलं दही जरा पातळ आणि उग्र येतं, त्यातलंच चमचाभर पुढच्याला लावलं की चांगलं घट्ट होतं. त्यात बेसन आधीच नीट घुसळून, मंद आचेवर ढवळत कढी केली तर फुटत नाही. आम्ही ती डब्यात घेऊन गेलो आणि नानांना गरम करून द्याल का म्हणून विचारलं. त्यांनी दिली, वर लसणाची फोडणी स्वतःहून घातली, आणि वाटीभर स्वतःसाठी काढून घेतली. "खोटं कशाला सांगू, ताकाची सर नाही," म्हणाले, "पण फुणक्याला चालते." मलाही तसंच वाटतं. ताकाची आंबट धार तिच्यात नाही, पण दाण्याचा जो गोडसर दाटपणा येतो तो तिखट फुणक्याला साजतो.

वरण-बट्टी मी दूध सोडलेल्यांना सुचवणार नाही. बट्टी इथे उकडून तेलात तळतात, वरणाची फोडणीही तेलाची, तेव्हा कागदावर सगळं ठीक आहे. पण वाढताना तुपाची किटली ताटाताटावर फिरते आणि हात आडवा धरायला उशीर झाला की संपलं. शिवाय बिनतुपाची बट्टी घशाखाली उतरायला जड जाते, वरण कितीही ओतलं तरी. त्यापेक्षा बट्टीबरोबर येणारी घोटलेली वांग्याची भाजी मागवा आणि भाकरीशी खा. जेवणाबरोबर मठ्ठाही न मागता येतो, तो आधीच नको म्हणा. गोड म्हणून शिरा असतो, तो तुपातला. मी गूळ आणि भाजलेले शेंगदाणे मागते. शेवटी कोरा चहा गवती चहा घालून करून देतात.

उणिवा आहेत. बसायला सतरंज्या आणि थोडी प्लॅस्टिकची टेबलं, म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेलात तर टेबल आधी धरावं लागतं. वारा शेडकडे असला की धूर थेट डोळ्यांत. हात धुवायला एकच नळ आणि त्यापाशी चिखल. ठेचा काही दिवशी इतका खारट असतो की भाकरीला लावावा की नको असं होतं. रात्री उशिरा गेलात तर भरीत संपलेलं असतं आणि उरलेलं गरम करून दिलेलं मला आवडत नाही, धुराचा वास त्यात पार जातो. पैशांचं म्हणाल तर आम्हा चौघांचं, भरीत किलोवर आणि भाकरी-पुऱ्या नगावर धरून, पोटभर जेवण हजाराच्या आत होतं.

हंगाम हिवाळ्याचा. चातुर्मासात बऱ्याच घरांत वांगी वर्ज्य असतात, आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की सगळं जळगाव वांग्यांवर तुटून पडतं. त्या आठवड्यात इथे जायचं टाळा, उभं राहायला जागा नसते. उन्हाळ्यात शेड बंद. तेव्हा मी ढाब्यावर शेवभाजी खाते, पण तिथे 'शाही' किंवा 'स्पेशल' म्हटलेली मागवू नका, तिच्यात काजू-मलई असते. साधी, काळ्या मसाल्याची मागवा आणि रोटीऐवजी ज्वारीची भाकरी. घरी असलं तर बिबड्यांवर, म्हणजे ज्वारीच्या पापडांवर, कच्चं तेल आणि भाजलेले दाणे.

रविवारी जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत फोन करून किती किलो ते सांगून ठेवा. लोणी, तूप आणि मठ्ठा नको हेही त्याच फोनवर सांगा, आणि तिथे पोचल्यावर भाकरीवाल्या मावशींना परत एकदा सांगा. पोरं विसरतात, मावशी विसरत नाहीत.