‘खूप’ आणि ‘इतकं’ची इंग्रजी गल्लत : मर्फीच्या निळ्या पुस्तकातली तीन युनिटं

रेमंड मर्फीचं ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ पहिल्यांदा १९८५ साली आलं. घ्यायची ती २०१९ची पाचवी आवृत्ती. १४५ युनिटं, प्रत्येक जोडपानाचं. डावीकडे नियम, उजवीकडे सराव. मराठीत ‘खूप’ आणि ‘इतकं’ एवढ्यावर आपलं भागतं, आणि इंग्रजीत नेमकं तिथेच घोडं अडतं. त्यावरचा उतारा १०२ ते १०४ या युनिटांत आहे.

सगळ्यात कसदार १०२, ‘सो’ आणि ‘सच’चं. नुसतं विशेषण असेल तर ‘सो’, विशेषणानंतर नाम आलं की ‘सच’. आपल्याकडे ‘पाणी इतकं गार’ आणि ‘इतकं गार पाणी’, दोन्हीकडे ‘इतकं’च. म्हणून ‘सो कोल्ड वॉटर’ तोंडातून निसटतं. हवं ‘सच कोल्ड वॉटर’. पाणी मोजता येत नाही म्हणून मध्ये ‘अ’ नाही. ‘डे’ असेल तर ‘सच अ कोल्ड डे’. ‘मेनी’ आणि ‘मच’ मात्र पुढे नाम असूनही ‘सो’च घेतात : ‘सो मेनी पीपल’.

१०३ मध्ये ‘टू’ आणि ‘इनफ’. चहा ‘व्हेरी हॉट’ असेल तर फुंकर मारून पिता येतो. ‘टू हॉट’ असेल तर बशीत ओतल्याशिवाय गत्यंतर नाही. (आपलं कौतुकाचं ‘टू गुड’ गप्पांत ठीक, निबंधात नको.) ‘पुरेसं मोठं’चा क्रम तसाच उचलला की ‘इनफ बिग’ होतं. विशेषण आधी, मग ‘इनफ’ : ‘बिग इनफ’. नामाशी उलट : ‘इनफ मनी’.

१०४ मधला ‘क्वाइट’ फसवा आहे. ‘क्वाइट गुड’ म्हणजे बऱ्यापैकी, ‘व्हेरी गुड’च्या खालचं, ‘क्वाइट इम्पॉसिबल’ म्हणजे साफ अशक्य. हा ब्रिटिश हिशेब. अमेरिकन माणसाच्या ‘क्वाइट गुड’मध्ये कौतुक जास्त असतं.

उणीव एकच, पण मोठी : ‘व्हेरी’ला स्वतंत्र युनिट नाही. ‘आय व्हेरी लाइक इट’ ही चूक (क्रियापदाला ‘व्हेरी’ थेट चिकटत नाही, ‘आय लाइक इट व्हेरी मच’) स्वतःच लक्षात ठेवावी लागते. ‘व्हेरी बेटर’ऐवजी ‘मच बेटर’ हवं, त्यासाठी १०६ गाठा.

उत्तरांसह आणि उत्तरांशिवाय अशा दोन प्रती मिळतात. घरी एकट्याने शिकायचं तर उत्तरांचीच घ्या. सगळी समजावणी इंग्रजीत आहे. ती जड गेली तर आधी मर्फीचंच नवशिक्यांसाठीचं लाल पुस्तक, ‘इसेन्शियल ग्रामर इन यूज’.