व्हॅक्यूम गेज: साताऱ्याच्या उंचीवर वापरून पाहिल्यावर

इंजिन हवा ओढताना आत किती व्हॅक्यूम (हवेचा कमी दाब) तयार होतो, ते दाखवणारा हा गेज पावसाळ्याआधीपासून गॅरेजमध्ये आहे. डायल, रबरी पाईप आणि दोन-चार टी (पाईप जोडायचे तीन तोंडांचे तुकडे), एवढाच संसार. बॅटरी नाही, अ‍ॅप नाही.

आधी डायलबद्दल. हिरवा पट्टा 17 ते 21 इंचांवर (पाऱ्याचे इंच) छापलाय, तो समुद्रसपाटीचा. दर हजार फुटांमागे काटा साधारण एक इंच खाली येतो आणि सातारा दोन हजार फुटांच्या वर आहे. त्यामुळं इथं आयडलिंगला 16 दाखवणारं पेट्रोल इंजिन ठणठणीत असू शकतं. तीच गाडी महाबळेश्वरात, साडेचार हजार फुटांवर, 14 च्या आसपास दिसेल. पट्ट्यावर विसंबून कुणी चांगलं गॅस्केट खोलायला लावायचा! मी मार्करनं 15 ते 19 अशी आपली खूण करून घेतली.

टी थ्रॉटलच्या (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) पुढं, मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांकडं हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या) बाजूला लावायचा. काटा स्थिर पण खाली असेल तर कुठूनतरी हवा ओढली जातेय, नाहीतर टायमिंग मागं आहे, म्हणजे ठिणगी उशिरा पडतेय. काटा थरथरत असेल तर व्हॉल्व्हकडं बघा. लीकचा संशय असेल तर एकेक होज पकडीनं हलकेच दाबायचा, जुना असेल तर फडकं लावून. ज्याला दाबल्यावर काटा उसळतो, त्याच्या पलीकडं लीक. ब्रेक बूस्टरचा होज आणि पर्ज व्हॉल्व्हची (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी) लाईन आधी. पीसीव्हीचा (क्रँककेसमधली वाफ परत इंजिनात नेणारा) होज दाबल्यावर थोडा फरक पडतोच, त्यावरून निकाल देऊ नये. रबरी एल्बो (वाकडे जोड) खालून तडकतात, वरून नव्यासारखे दिसतात. होज निर्दोष निघाले तर मॅनिफोल्डच्या कडेनं पाण्याचा बारीक फवारा मारायचा. काटा क्षणभर चढला की जागा सापडली. काही जण कार्ब क्लीनर मारतात. गरम एक्झॉस्टशेजारी ते पेटतं, मी मारत नाही.

गाडीचा कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर असताना हे कशाला? एअरफ्लो सेन्सरच्या (आत येणारी हवा थेट मोजणाऱ्या) गाडीत स्कॅनरच सरस: फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटरनं पेट्रोलमध्ये केलेली वाढ-घट) आयडलिंगला 20 टक्के आणि 2500 आरपीएमला शून्याजवळ, म्हणजे लीक. रेस दिल्यावर ट्रिम वाढतच गेला तर पंप-फिल्टर बघा. पण आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) असतो. आत शिरलेली हवा दाबावरून तो मोजतोच, त्यामुळं ट्रिम फारसा हलत नाही, नुसतं आयडलिंग चढतं. तिथं गेज कामाला येतो.

तक्रार पाईपची. उन्हाळ्यात कडक झाला, टीवरून सुटायला लागला. शेवटी दुचाकीचा पेट्रोल पाईप बसवला. आणि डिझेलवाल्यांनी मॅनिफोल्डसाठी घेऊ नये, तिथं व्हॅक्यूम नसतोच. ब्रेकचा व्हॅक्यूम पंप तपासायला मात्र चालतो.