आजोबांचा डावा डोळा

आमच्याकडे नऊ वर्षं एक सिल्व्हर अरोवाना मासा होता. हनुवटीखालच्या दोन मिशांमुळे मुलीने त्याचं नाव 'आजोबा' ठेवलं आणि हळूहळू घरात सगळेच त्याला अहोजाहो करायला लागले. लांबी अडीच फूट, पण स्वभाव कमालीचा बुजरा. खोलीतला दिवा एकदम लावला की धाडकन झाकणावर आदळायचे. ॲमेझॉनच्या खोऱ्यात हे मासे पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवरचे किडे उडी मारून टिपतात, त्यामुळे उसळणं त्यांच्या अंगातच असतं. झाकणावर मी कायम दोन विटा ठेवायचे.

घर बदलायची वेळ आली. नवं घर गाडीने सहा तासांवर. सामान कुणीही नेतं, पण आजोबांना कोण नेणार? रस्त्यात उसळले, खवले निघाले, डोकं फुटलं तर? या घोरानेच मला आंधळं केलं.

'मोठ्या माशांची सुरक्षित वाहतूक' अशी जाहिरात करणारा एक जण इंटरनेटवर सापडला. बोलणं शांत, आदराचं. आधी त्याने माशाचे सगळ्या बाजूंनी फोटो आणि पोहतानाचा व्हिडिओ मागितला, पिशवीचं माप ठरवायला म्हणून. मग प्रश्न विचारले. वय किती? गोळ्यांचं खाद्य खातो का, की जिवंतच लागतं? खवले सगळे शाबूत आहेत ना? डावा डोळा खाली वळलाय, तो केव्हापासून? मला वाटलं, किती बारकाईने चौकशी करतोय! पाळलेल्या अरोवानात हा डोळ्याचा दोष बऱ्याचदा दिसतो, तेही त्याला ठाऊक होतं. नेणाऱ्याला लांबी हवी, शेवटचं खाणं कधी झालं ते हवं, टाकीच्या पाण्याचं तापमान हवं. मासा काय खातो आणि डोळ्यात खोट केव्हापासून आहे, हे विकत घेणारा विचारतो. पण हे मला फार उशिरा उमगलं. निम्मी रक्कम तेव्हाच पाठवून मी मोकळी झाले होते.

एक गोष्ट कबूल करते, त्याला कामाची जाण होती. दोन दिवस आधी खाणं बंद करायला सांगितलं. ते बरोबरच आहे; पोट रिकामं असलं की मासा वाटेत घाण कमी करतो आणि पाण्यात अमोनिया कमी साठतो. आल्यावर त्याने खोलीत अंधार केला आणि टाकीतलं पाणी निम्म्यावर आणलं. जाळं वापरलंच नाही. जाळ्यात मिशा अडकून तुटतात, खवले निघतात. जाड पिशवी पाण्याखाली धरून त्याने आजोबांना अलगद आत वळवलं. एकात एक दोन पिशव्या, टाकीचंच पाणी, वर सिलिंडरमधला ऑक्सिजन, तोंडाला घट्ट रबर, मग थर्माकोलचा खोका आणि वरून काळं कापड. हे सगळं पाहून माझा उरलासुरला संशयही गेला. हलगर्जी माणसाकडून फसवणूक होते असं आपण धरून चालतो. हा काळजीपूर्वक वागत होता, कारण त्याला मासा जिवंतच हवा होता.

मी गाडीत सोबत येते म्हटल्यावर मात्र तो म्हणाला, "नको ताई, ओळखीच्या माणसाची चाहूल लागली की मासा जास्त बिथरतो." माशाला हादरे अंगावरच्या रेषेतून जाणवतात हे खरं, म्हणून मी मान डोलावली. खऱ्यात खोटं असं मिसळलं की गिळायला सोपं जातं. बंद पिशवीत, काळ्या कापडाखाली, मागच्या सीटवर कोण बसलंय हे त्यांना कसं कळणार होतं?

संध्याकाळी निरोप आला. दर तासाला पिशवी उघडून ताजी हवा देत होतो, एकदा उघडताच उसळला, डिकीच्या कडेवर डोकं आपटलं, जागीच गेला. सोबत वर्तमानपत्रावर पडलेल्या मेलेल्या माशाचा फोटो. वास सुटायला नको म्हणून वाटेतच पुरलं म्हणे. मी रडले. आणि हे लिहायला लाज वाटते, पण 'त्याने मेहनत तर केली' म्हणून उरलेली रक्कमही दिली.

मत्स्यपालनातल्या एका जाणत्या मित्राला हे सांगितलं तर तो पहिल्याच वाक्याला थबकला. "पिशवी उघडली? दर तासाला?" ऑक्सिजन भरून बांधलेली पिशवी वाटेत कुणी उघडत नाही. एक तर भरलेला ऑक्सिजन निघून जातो. शिवाय माशाच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने पाणी आम्लधर्मी होतं आणि त्यामुळे साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की तो वायू उडून जातो, पाण्याची आम्लता उतरते आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून लांबच्या प्रवासानंतर पिशवी बंदच ठेवून तिचं आणि टाकीचं तापमान जुळवतात, मग उघडून फार वेळ न घालवता मासा टाकीत सोडतात आणि पिशवीतलं पाणी फेकून देतात. इतक्या सफाईने पिशवी बांधणाऱ्याला हे माहीत नसेल?

तेव्हा कुठे मी तो फोटो मोठा करून पाहिला. माशाची डावी बाजू वर होती. डोळा सरळ. डावी मिशी अखंड. आजोबांची डावी मिशी फिल्टरच्या पाइपला घासून घासून निम्मी झाली होती.

फोटोबद्दल विचारताच त्याने मला ब्लॉक केलं. तक्रार दिली, पण मासा ताब्यात दिल्याचा कागद नाही आणि गाडीचा नंबरही मी टिपला नव्हता. एवढं जरी केलं असतं, किंवा हट्टाने सोबत बसले असते, किंवा फोटोऐवजी व्हिडिओ कॉलवर मासा दाखवायला सांगितला असता, तरी त्याची पंचाईत झाली असती.

आमचा सकर फिश त्याच दिवशी माझ्याच गाडीत, माझ्या पायांशी, झाकणाच्या बादलीत बॅटरीवरचा एअर पंप लावून आला. त्याच्यासाठी मी पाच मिनिटंही काळजी केली नव्हती. आता सहा फुटी टाकीत तो एकटाच काचेला चिकटून असतो.

तुम्हाला कुणी मोठा सिल्व्हर अरोवाना विकायला दाखवला, डावा डोळा खाली वळलेला आणि डावी मिशी निम्मी असलेला, तर कुठून आणला एवढं विचारा. आणि आधीच घेतला असेल, तर झाकणावर वजन ठेवा. खोलीतला दिवा एकदम लावू नका.