स्मायलोडॉन की होमोथेरियम? आधी सुळा बघा

दोन्ही हिमयुगातली सुळेधारी मार्जारं, पण शिकारीची रीत निराळी.

स्मायलोडॉनचा सुळा लांबलचक. दक्षिण अमेरिकेतल्या मोठ्या जातीत मुळासकट 28 सेंमीपर्यंत. कडेचे दाते इतके बारीक की बोट फिरवून पाहावं लागतं. हा सुळा बाजूने चपटा असतो, त्यामुळे भक्ष्य तडफडलं आणि आडवा ताण आला की मोडण्याची भीती. म्हणूनच पुढच्या पायांची हाडं एवढी जाड: आधी भक्ष्य जमिनीवर दाबून धरायचं, मगच गळ्यात सुळे खुपसायचे. लॉस एंजेलिसच्या ला ब्रेआ डांबरकुंडांत याचीच हाडं हजारोंनी मिळाली.

होमोथेरियमचा सुळा आखूड, पण दाते करवतीसारखे ठसठशीत. पुढचे पाय लांब आणि सडपातळ, पाठ मागे उतरती. म्हणजे मोकळ्या मैदानात धावणारा प्राणी. टेक्ससच्या फ्रीझनहान गुहेत त्याच्या सांगाड्यांसोबत मॅमथच्या पिल्लांचे दात सापडले. सायबेरियातल्या याकुतियात 2020 साली तर बर्फात गोठलेलं, जेमतेम तीन आठवड्यांचं पिल्लू मिळालं, दाट तपकिरी केसांसकट! स्मायलोडॉनची कातडी मात्र अजून कुणी पाहिलेली नाही.

सुळा तुटका असेल तर लांबीवर विसंबू नका, दाते तपासा.