स्पिनोसॅड कीटकनाशक स्प्रे: नुसता मारून भागलं नाही, साखर घातल्यावर रास्पबेरी वाचल्या

आमच्याकडे न्यू जर्सीत परसात रास्पबेरीच्या दोन रांगा आहेत, ऑगस्ट-सप्टेंबरला येणाऱ्या. मागच्या वर्षी फळ लाल दिसायचं पण हात लावला की गिच्च, मला वाटलं पाऊस जास्त झाला. शेजारणीने सांगितलं म्हणून कपभर कोमट पाण्यात टेबलस्पूनभर मीठ घालून दहा फळं बुडवली आणि पंधरा मिनिटांनी बघते तर दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या पांढऱ्या अळ्या वळवळत बाहेर येत होत्या. लेकीने सकाळीच त्याच झाडाची मूठभर खाल्ली होती, पोटात कालवलं अगदी.

ह्या अळ्या स्पॉटेड विंग ड्रोसोफिला नावाच्या माशीच्या. केळ्यांवरच्या चिलटांच्याच जातीची, पण ती चिलटं सडक्या फळावर बसतात आणि ही पिकत आलेल्या धडधाकट फळात अंडी घालते, कारण मादीचा अंडी घालायचा अवयव करवतीसारखा दातेरी असतो. मूळची आशियातली, 2008 ला कॅलिफोर्नियात सापडली आणि तीन वर्षांत आमच्या इथेही पोचली.

मी गार्डन सेंटरमधून 0.5 टक्के स्पिनोसॅडची बाटली आणली, लेबलप्रमाणे गॅलनला 4 टेबलस्पून. जमिनीतल्या बॅक्टेरियापासून बनतं, रास्पबेरीला मारल्यावर एक दिवस थांबून तोडता येतं, हे मला फार आवडलं. पण पहिले दोन आठवडे फरक जेमतेम. मग बाबांचं आठवलं, गावाकडे कारल्यावर फळमाशी आली की ते औषधात गूळ कालवून मारायचे, माशी गुळाला येते आणि औषध खाते. स्पिनोसॅडचंही तसंच, नुसतं अंगाला लागण्यापेक्षा पोटात गेलं की जास्त लागू पडतं. इथल्या संशोधकांनीही साखर आणि यीस्ट घालून ट्रायल घेतल्यात. मी गॅलनला 2 टीस्पून साखर घातली, यीस्ट नाही कारण नोझल तुंबेल अशी भीती, आणि पानांच्या खालून, झुडपाच्या आतल्या सावलीत मारलं, माशी दुपारी तिथेच बसते. पुढच्या आठवड्यात मिठाच्या पाण्यात दहा फळांत एकच अळी निघाली!

आता खटकलेल्या गोष्टी. उन्हात औषध लवकर उतरतं, पाऊस आला की धुऊन जातं. ओलं असताना मधमाशीला घातक आहे, म्हणून मी सूर्य मावळल्यावर, मधमाश्या घरी गेल्यावरच मारते, प्लीज तुम्हीही तेच करा. साखर जास्त झाली तर पानं चिकट होऊन काळी बुरशी धरते. आणि सारखं हेच एक मारत बसलात तर माशी दाद देईनाशी होते, कॅलिफोर्नियातल्या रास्पबेरीत तसं झालंय, त्यामुळे सीझनला किती वेळा मारायचं ते लेबलवर बघूनच. मी जोडीला रोज फळं तोडते, खाली पडलेली गोळा करून पिशवीत बांधून उन्हात ठेवते, तोडलेली लगेच फ्रिजमध्ये.

5 पैकी 4 स्टार. छोटी बाटली घ्या, दोन रांगांना सीझनभर पुरते. एक स्टार पावसाचा कापला, कारण परवा संध्याकाळी मारलं आणि रात्री दहाला सर आली.