नीती: सापडलेली की घडलेली?

नीती हे माणसाच्या मतापलीकडचं वस्तुनिष्ठ सत्य आहे, की उत्क्रांतीतून घडलेली जाणीव, हा जुना वाद आहे. त्यात बाजू निवडण्याआधी एक गुंता सोडवायला हवा. नीतीची जाणीव आली कुठून, हा एक प्रश्न. ती जे सांगते ते खरं आहे का, हा दुसरा. वादात दोन्हींची सरमिसळ होते.

पहिल्या प्रश्नावर उत्क्रांतीचं पारडं स्पष्टपणे जड आहे. व्हॅम्पायर वटवाघळाला लागोपाठ दोन-तीन रात्री रक्त मिळालं नाही, तर ते मरतं. अशा वेळी पोट भरलेलं वटवाघूळ रक्त ओकून उपाशी सोबत्याला पाजतं. जीवशास्त्रज्ञ जेराल्ड विल्किन्सन यांनी १९८४ मध्ये हे मांडलं. हा सोबती नात्यातलाच असतो असंही नाही. डार्विनने तर १८७१ मध्येच लिहिलं होतं की, माणसं मधमाश्यांसारखी वाढली असती तर भावांना मारणं हे बहिणींना पवित्र कर्तव्य वाटलं असतं.

वस्तुनिष्ठतावादी यावर गणिताकडे बोट दाखवतात. (हे सगळे धार्मिक असतात असं समजू नका, तत्त्वज्ञ कांटची भिस्त विवेकबुद्धीवर होती.) मोजण्याची क्षमताही उत्क्रांतीनेच दिली, म्हणून दोन आणि दोन चार हे खोटं ठरतं का? युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण खरी मेख इथेच आहे. गुहेत तीन सिंह शिरले, दोन बाहेर आले. उरलेला ज्याने मोजला नाही, तो मेला. म्हणजे मोजणी खरी असण्यातच फायदा होता. नीतीचं तसं नाही. पोटच्या पोराची माया जगायला उपयोगी पडते, मग त्यामागे नैतिक सत्य असो वा नसो. तत्त्वज्ञ शॅरन स्ट्रीट यांनी २००६ मध्ये हीच कोंडी मांडली आणि तिचं पूर्ण समाधान करणारं उत्तर मला तरी दिसलेलं नाही.

पण म्हणून उत्क्रांतीची बाजू घेतली की सुटलो, असंही नाही. गुलामगिरी सर्रास मान्य होती तेव्हाही ती चूकच होती, असं म्हणायचंय? मग 'चूक' म्हणजे आज आपल्याला आवडत नाही, एवढंच का? तिथे या बाजूला बरीच कसरत करावी लागते.

माझं मत अर्धं इकडे, अर्धं तिकडे आहे. किळस, आपला-परका, सूड या भावना नीती म्हणून पुढे आल्या की मी त्यांच्याकडे संशयानेच पाहतो. वेदनेच्या बाबतीत मात्र मी वस्तुनिष्ठतेच्या बाजूने आहे. वेदनाही उत्क्रांतीनेच दिली, हा आक्षेप येईलच. येऊ दे. ती आली कुठूनही असो, भोगणाऱ्यासाठी ती वाईटच असते.